उजवीकडची रांग

३ मार्च

नोकरी मिळाली, आणि कामाच्या आवारातच राहायला खोलीही. खिडकीतून पैदासखोली दिसते: लांबट, पत्र्याची, आतून फोमने मढवलेली. तापमान एकतीस अंश, आर्द्रता साठ टक्के. डावीकडे वीस खोकी, उजवीकडे वीस. प्रत्येकात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेत आणि त्यांच्या खाचांत जिवंत रातकिडे. मालकांनी आल्या आल्या गिऱ्हाइकं समजावून सांगितली. पक्षीवाला पिल्लांना भरवायला बारीक किडे नेतो, सरडे पाळणारे मध्यम. तळ्याकाठचा गळवाला सगळ्यात मोठे नेतो, कारण गळाला लावलेला किडा पाण्यात तडफडला तरच मासा येतो. मी कीटकशास्त्र शिकले म्हणून मालक मला ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणतात. काम पटलं तर महिनाअखेर पैदासखोलीचा पूर्ण ताबा देणार आहेत. चार वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत बरण्या धुतल्या, त्या याचसाठी. आज फार छान वाटतंय.

६ मार्च

डावी रांग माझी, उजवी वहिनींची. वहिनी म्हणजे मालकांची सून. त्या काही मोजत नाहीत, लिहीत नाहीत. मी दर दोन तासांनी नोंद करते. तरी माझ्या रांगेत किड्यांची मर सहा टक्के, त्यांच्या रांगेत दोन.

आणखी एक गोष्ट. कोणीही आत शिरलं की पावलांच्या कंपनाने किडे गप्प होतात, यात नवल नाही. मी शिरले की नऊ सेकंदांनी पुन्हा ओरडू लागतात. वहिनी शिरल्या की त्या बाहेर पडेपर्यंत चाळीसच्या चाळीस खोकी गप्प. घड्याळ लावून पाहिलं, चौदा मिनिटं. गळवाला म्हणाला, किडेसुद्धा माणूस ओळखतात, पदवी नाही. सगळे हसले. मीही हसले.

९ मार्च

एका म्यानात दोन तलवारी नकोत, असं मालक आज म्हणाले. ज्या रांगेत मर कमी, त्या रांगेच्या बाईकडे ताबा.

चारा मीच कालवते: धान्याची भरड, किसलेलं गाजर, मासळीची पूड. उजव्या रांगेच्या डब्यात आजपासून पूड घातली नाही. प्रथिनं कमी पडली की रातकिडे एकमेकांना खातात. कोणाला कळणार नाही. इथे लिहिलं, कारण मी सगळंच लिहिते.

१४ मार्च

उजवीकडे मर शून्य. पाच दिवसांत एकही किडा गेला नाही.

वहिनींच्या तीन बोटांना पट्ट्या आहेत. विचारलं तर भाजलं म्हणाल्या.

पक्षीवाल्याची तक्रार आली. पिल्लं चोच उघडत नाहीत, किडे दिसले की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दडतात. गळवाल्याने मासा ओढला तर पाण्याबाहेर आल्यावरही त्याचं पोट आतून हलत होतं. चिरला, तर आत किडा जिवंत आणि आतडी गायब. मालक म्हणाले, गळवाला सांगेल त्यातलं निम्मं पाण्यात सोडून द्यावं. या वेळी कोणी हसलं नाही. दोन्ही माल उजव्या रांगेतला होता.

१७ मार्च

भर दुपारी दाराच्या काचेतून पाहिलं. वहिनींनी पट्ट्या सोडल्या आणि मनगटापर्यंत हात खोक्यात घातला. लेकराचे केस विंचरावेत तसा चेहरा. आत आवाज नाही. हात बाहेर आला तेव्हा करंगळी आखूड होती.

मी ओरडायला हवं होतं. मनात एवढंच आलं, की ही शांतता त्यांच्यासाठीच का.

१९ मार्च

वहिनी दहा दिवसांसाठी माहेरी निघाल्या. जाताना मला बाजूला घेतलं. मालकांना काही सांगितलेलं नाही, म्हणाल्या. मग अगदी हळू:

“पूड तू काढलीस, ते मला पहिल्याच दिवशी वासावरून कळलं गं. उपाशी ठेवायचे कसे, म्हणून मी माझं दिलं. आता त्यांना दुसरं चालत नाही. माझ्याच्याने होत नाही, पण तू उद्याच सगळी खोकी शीतखोलीत ठेव. मरू देत.”

माझी पैदासखोली रिकामी करायला सांगतात, तेही जाता जाता. संध्याकाळी मालकांनी किल्ली माझ्या हातात दिली.

२० मार्च

शीतखोलीत काही ठेवलं नाही. पूड दुप्पट घातली. तोंड लावत नाहीत. मी शिरले तरी गप्प होत नाहीत, नऊ सेकंदही नाही. जणू मी आलेच नाही. एकसारखे बोलावताहेत. मला नाही.

२२ मार्च

डाव्या हाताची करंगळी. फक्त टोक. चाळीस सेकंद शांतता.

२३ मार्च

दोन बोटं. पाच मिनिटं. दुखत नाही, हेच विचित्र. डावी रांगही आता मासळी खात नाही —

मालकांना सर्दीचं कारण सांगून हातमोजा घातला. सर्दीला हातमोजा.

२५ मार्च

चौदा मिनिटं. वहिनींइतकी.

मोजायला बोटं — नको.

२६ मार्च

सकाळी अकरा. वही खोक्याच्या कडेवर, डावा हात आत. वहिनी तीन दिवस आधीच परत आल्या. दाराबाहेर आहेत, मालकही. कडी मी आतून लावलीय. म्हणतात, उघड गं, माझ्याकडे दे त्यांना, मी बघते.

बघते म्हणे.

त्यांचा आवाज आला आणि सगळ्यांच्या मिशा दाराकडे वळल्या. माझ्या हातावरचे खायचे थांबले. माझा हात असताना —

दार हलतंय. कडी टिकणार नाही. त्या आत आल्या तर हे सगळे त्यांच्या —

वहिनींनी एकच हात दिला होता. एकच. माझा उजवा अजून आहे. लिहिणं थांबेल, थांबू दे. दोन्ही हात त्यांना कोणी कधी