मागच्या दारचा मांडव

लासुर्णे, ता. इंदापूर
२६ फेब्रुवारी १९३६

श्री

तीर्थरूप महिपतीदादास,
धाकट्या प्रयागचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या वांग्यांनी यंदा बारामतीचा बाजार गाजवला म्हणतोस. बरं झालं, नाहीतर तुझ्या बढाया ऐकायला वहिनीशिवाय कोणी उरलं नसतं.

आता खरं लिहिते. इंदापूरच्या डॉक्टरांनी माझ्या पोटातली गाठ चाचपली आणि ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. गुढी उभारेपर्यंतचाही भरवसा नाही. गोजरला अजून काही सांगितलेलं नाही.

डाळजच्या आबाजींच्या मुलाशी तिची सुपारी फुटली, पण मुहूर्त वैशाखातला. तोवर मी टिकत नाही. मी गेले की वर्षभर या घरात कार्य नाही, आणि तेवढ्यात भावकी ह्यांच्या गळ्यात दुसरी बांधल्याशिवाय राहणार नाही. सावत्र हाताखाली पोरीचं काय होतं हे तुला सांगायला नको. आपण दोघं त्याच हाताखाली वाढलो.

म्हणून एक मागते. फाल्गुन वद्य पंचमीला परसात, शेवग्याखाली, चार डहाळ्यांचा मांडव घालू. घरची वीस माणसं पुष्कळ झाली. पुढच्या अंगणात मोठा मांडव पडला तर मी माजघरात पडून नुसती वाजंत्री ऐकायची. परसात झालं तर मागच्या दाराशी खाट ओढता येते आणि मला सगळं दिसतं. आबाजींना ह्यांनी विचारलं, त्यांची ना नाही. भावकी मात्र गावजेवणावर अडून बसली आहे. हे म्हणतात, दादा हो म्हणाले तर भावकीचं मी बघतो. मामाच नको म्हणाला तर पोर बोहल्यावर चढायची कशी?

तुझ्या होकाराची वाट बघणारी,
प्रयाग


माळेगाव, ता. बारामती
१ मार्च १९३६

श्री

चि. सौ. प्रयागबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

डॉक्टर लोकांना माणूस भेवडवायची सवयच असते. सुप्याच्या वैद्यांचा काढा गाडीवानाबरोबर धाडला आहे. सकाळ-संध्याकाळ घे आणि असलं अभद्र पुन्हा लिहू नकोस.

परसातल्या लग्नाचं माझ्यापुढं नाव काढू नको. मानमोडीच्या साथीत तुझं लग्न असंच मागच्या दारी पाच माणसांत उरकलं. आईनं, म्हणजे त्या आईनं, पुरणसुद्धा घातलं नाही. तू सासरी गेलीस त्या दिवशी मी म्हसोबापुढं नारळ फोडून बोललो होतो की हिच्या पोरीचं लग्न गावजेवण घालून करीन. सतरा वर्षं तो शब्द वागवतो आहे. वाजंत्र्यांना विडा दिला आहे आणि नवा फेटाही घेतला आहे. वैशाखात तू स्वतः उभी राहून पंगती वाढशील. गेणूरावांना माझा रामराम सांग.

तुझ्यावर लोभ आहे म्हणूनच रागावणारा,
महिपती


लासुर्णे
५ मार्च १९३६

श्री

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

काढा घेतला. पोटात राहिला नाही. आता टेकूशिवाय बसवत नाही, पडल्यापडल्या लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस, तूच शिकवलेलं आहे.

तुला माझ्या लग्नाची लाज वाटते हे मला आजवर माहीत नव्हतं. मी तर ते जपून ठेवलं आहे. आपला मामा साथीत गेला, म्हणून त्याच्या जागी माझ्या पाठीशी तूच उभा राहिलास, मिसरूडसुद्धा धड न फुटलेला. मंगलाष्टकांपेक्षा तुझेच हुंदके मोठे होते. अक्षता टाकायला पाचच माणसं होती, म्हणून मान खाली असूनही मला प्रत्येक हात ओळखू येत होता. नंतर मी मोठमोठी लग्नं पाहिली. हजार माणसं जेवतात, भात कच्चा राहिला म्हणून बोलतात आणि नवरीचं तोंड न बघता जातात.

दादा, तुझा नवस गावासाठी होता की माझ्यासाठी? माझ्यासाठी असेल तर मी तुला त्यातून मोकळं करते. वैशाखाचं बोलणं सोड. मला फार भीती वाटते. मरणाची नाही, पोरीला तशीच टाकून जायची. मी तुझ्यापाशी कधी काही मागितलं नाही. आता पाया पडून मागते.

लोभ आहेच. तो वाढवायला आता वेळ नाही, आहे तेवढा घेऊन ये.

प्रयाग


माळेगाव
९ मार्च १९३६

श्री

चि. सौ. प्रयागबाईस,
अ. उ. आ.

पत्र रानात वाचलं आणि बांधावर बसून रडलो. तुझ्या वहिनीनं विचारलं, तर कांद्यानं पाणी आलं म्हणालो. आपल्या रानात यंदा कांदा नाही हे तिला ठाऊक आहे.

वाजंत्र्यांना नको म्हणून कळवलं. पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गाडी जुंपून निघतो. शेवग्याखालची जागा सारवून घ्यायला सांग. मी येईपर्यंत तू कुठं जायचं नाहीस, ही थोरल्या भावाची आज्ञा समज.

तुझा,
महिपती


डाळज, ता. इंदापूर
१२ एप्रिल १९३६

तीर्थरूप महिपतीमामांस,
गोजरचा शि. सा. न. वि. वि.

आईला जाऊन उद्या महिना होईल. पत्र मी माझ्या हातानं टपालात टाकते आहे. वाचून चुलीत घाला.

इथं सगळे बरे वागतात. फक्त चुलतसासूबाई, ठमाबाई, अजून म्हणतात की नवरीच्या पाठीशी मामा हुबा न्हाय ऱ्हायला, असलं लगीन आमी कुठं बघितलं न्हाय. मी ऐकून घेते. तुम्ही कुठं होता ते मी पाहिलं होतं. मागच्या दाराशी खाटेवर बसून तुम्ही आईला छातीशी टेकवून धरलं होतं. तिनं टाकलेली पहिली अक्षता खाटेजवळच पडली.

नंतर आम्ही जोडीनं पाया पडायला आलो. तुम्ही म्हणालात, दमलीय, डोळा लागलाय, उठवू नको. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय गार होते. मामा, ते पाय रोज मी चोळत होते. मला कळणार नाही असं तुम्हाला कसं वाटलं?

तुम्ही डाळजकरांकडे बघत होता. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर मी सासरी पांढऱ्या पायाची ठरले असते. आईनं एवढा जीव त्यासाठी ओढून धरला नव्हता. मी म्हटलं, झोपू दे तिला, आणि गाडीत बसले. वेशीपर्यंत दात आवळून धरले. मग रडले. नवरी रडतेच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला तेव्हा मी नव्यानं ऐकल्यासारखं केलं. एवढंच सांगा, तिला कुठवर दिसलं?

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
गोजर


माळेगाव
१७ एप्रिल १९३६

चि. सौ. गोजरबाईस,
अ. उ. आ.

तुझे वडील इथं आले आहेत, म्हणून हे पाकीट टपालात न टाकता त्यांच्याच हाती देतो आहे. तुला कळलं होतं हे वाचून मी दिवसभर जेवलो नाही. ठमाबाईंना काही सांगू नकोस.

अंतरपाट खाली झाला तिथवर तिला दिसलं. तुम्ही एकमेकांना माळा घातल्या, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. तेव्हा ती हळूच म्हणाली, दादा, ह्यातला हरेक हात मला वळखू येतो. मग तिचा भार माझ्या हातावर आला. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत मी हात काढला नाही.

तुझ्या पाठीशी असलेला,
मामा