गणपतीला घरी नसणाऱ्या मुलास घर देण्याबाबत

मी पूर्ण भानावर आहे, असे देवरूखच्या डॉ. ऋत्विक शेट्ये यांनी आज सकाळी तपासून लेखी दिले आहे. "म्हातारीला कळत नव्हते" असे ज्यांना मागाहून म्हणायचे असेल, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. मी, येसूबाई गंगाराम गोताड, वय ७६, निवृत्त अंगणवाडी सेविका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहिते.

१. राहते घर माझ्या कमाईचे व माझ्या नावावर आहे. ते आणि मागचे परडे धाकटा मुलगा निलेश याला मिळावे. तो, त्याची बायको आणि मुलगी अक्षया माझ्याजवळ इथेच राहतात. थोरला महिपत मुंबईस असतो. त्याची हरकत अशी, की जो गणपतीला घरी नसतो त्याला गणपतीचे घर कशाला? भावकीतल्या आप्पांनी लगेच मान डोलावली.

निलेश एस.टी.त ड्रायव्हर आहे. गणपतीत मुंबईहून जादा गाड्या सुटतात, त्या आपोआप कोकणात येत नाहीत. हे किती वेळा सांगायचे? यंदा आरती झाल्यावर महिपत सर्वांदेखत म्हणाला, "आमच्या निल्याला देवाचं काय पडलेलं नाय."

मी विचारले, "तू कशाने आलास रे?"

"जादा गाडीने."

"चालवत कोण होता?"

"मला काय म्हायत, आये? मी झोपलेलो."

"त्या ड्रायव्हरच्या घरी आज आरती कोणी केली?"

आप्पा म्हणाले, "वयनी, प्रसाद वाटा आता."

प्रसाद वाटला. एरवी वर्षभर मला दवाखान्यात कोण नेतो, हे मात्र कोणी विचारले नाही.

२. कातळावरची काजूची झाडे महिपतला. बँकेतली ठेव दोघांना निम्मी. गणपतीत महिपतने सहकुटुंब याच घरी उतरावे; निलेशने अडवू नये. आप्पांनी नेलेली माझी शिडी परत आणावी.

३. आमचा गणपती गौरींबरोबर जातो. माझ्या पश्चात तो अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवावा. तोवर परतीची गर्दी ओसरते आणि निलेशला रजा मिळते. चतुर्थीची पूजा अक्षयाने करावी, विसर्जन निलेशने. रीत मोडली म्हणून आप्पा ओरडतील. ओरडू द्यावे.

महिपतला एवढी रजा मिळणार नाही. गौरी गेल्या की त्याला मुंबई गाठावी लागेल आणि विसर्जनाला तो नसेल. त्या दिवशी, याला देवाचे काही पडलेले नाही, असे त्याला कोणी म्हणू नये. त्याची नोकरी आहे.

सही : येसूबाई गंगाराम गोताड

येसूबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत :
१) डॉ. ऋत्विक शेट्ये
२) सोनूबाई बाबू धुमक, शेजारीण

देवरूख, जि. रत्नागिरी
९ ऑक्टोबर २०२५