पाण्याहून गार

दि. ४ जानेवारी
अगं, तुला नावाने हाक मी कधी मारली नाही. तेवीस वर्षे ‘अगं’ या दोन अक्षरांवर निभावली. रोजनिशीतही तोच शिरस्ता ठेवतो. आज काचकारखान्यात रुजू झालो. राहण्याची खोली स्वच्छ आहे, टेबल डगमगत नाही, आणि माझ्यासारख्या रुक्ष माणसाचे लोकांनी हसून स्वागत केले. तू गेल्यापासून प्रथमच बरे वाटले.

कामाचे स्वरूप सांगतो. भट्टीचा तप्त धूर वाया जातो, म्हणून धुराड्याला लागून एक खोली काढून तेथे पातळ पट्ट्या बसविल्या आहेत. पट्टीची एक बाजू धुराने तापते, दुसरी गार ठेवावयाची. दोहोंच्या तापमानात जितके अंतर, तितकी वीज. गार ठेवण्याची जबाबदारी माझी.

भट्टीवरील सर्वांत जुने कारागीर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी तापत्या बाजूस ‘नवरा’ आणि गार बाजूस ‘बायको’ अशी नावे पाडली आहेत. त्यांचे म्हणणे असे की, नवरा भडकलेला आणि बायको थंड असली की दिवे लागतात. दोघांचं पटलं की अंधार! सगळे खो-खो हसले. शिष्टाचार म्हणून मीही हसलो. नोंदवहीतसुद्धा हीच नावे चालतात, हे मला पसंत नाही.

दि. ९ जानेवारी
पूर्वी गार बाजूला लावलेल्या पत्र्याच्या पाकळ्यांवरून नुसता वारा जाऊ देत. उन्हाळ्यात तो निरुपयोगी ठरला. मग विजेचे पंखे लावले, तर मिळालेल्या विजेपैकी बरीच तेच खाऊ लागले. चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला, असे काकांचे मत. आता त्या बाजूला चिकटविलेल्या तांब्याच्या पेटीतून पाणी खेळविले आहे. आत येणारे पाणी सत्तावीस अंश, बायको एकतीस, नवरा दोनशे चाळीस. पाणी थांबल्यास सांधे वितळतील व पेटी फुटेल, म्हणून तोटीला हात लावण्याची सक्त मनाई आहे. नियम स्पष्ट असले की मला स्वस्थ वाटते.

दि. १५ जानेवारी
बायको बावीस. पाणी सत्तावीसच. ज्या पाण्याने गार करावयाचे त्याहून ती गार कशी? तापमापक बदलला. एकवीस. वीज वाढली, म्हणून मालक खूश. माझ्या हाताला गुण आहे म्हणाले.

तुझ्या बहिणीचे पत्र आले. एकच ओळ. भाऊजी, ताई आजाराने नाही गेली, थंडीने गेली. डॉक्टरांनी खेळती हवा सांगितली होती. तू तीनदा म्हणालीस, खिडकी लावा. मी डॉक्टरांचा नियम पाळला. पत्र फाडले नाही. उत्तरही दिले नाही.

दि. १९ जानेवारी
बायको उणे तीन. आतले पाणी तरीही वाहते आहे. पेटीवर हिमाचा थर आहे आणि त्यात एक पंजा उमटला आहे. लहान, डाव्या हाताचा. तू डावखुरी, चारचौघांत उजव्या हाताने लिहीत जा, असा हट्ट माझाच होता. काका शपथेवर सांगतात की या खोलीत माझ्याखेरीज कोणी येत नाही.

मी त्या पंज्यावर हात ठेवला. काटा दोन अंश चढला. हात काढला, उतरला.

दि. २२ जानेवारी
रोज हात ठेवतो. चहाचा पेला देताना काकांची बोटे माझ्या बोटांना लागली, ते चरकले. साहेब, माणूस आहात की मढं, असे बोलून गेले आणि जीभ चावली. तोंडात तापमापक धरला. चौतीस. माझी ऊब कोठे जाते, ते मला ठाऊक आहे. बायको उणे अकरा.

दि. २३ जानेवारी
तोटी बंद केली. आयुष्यात प्रथमच नियम मोडला. तुला गार करणे थांबविले, आता तरी तू — सांधे वितळले नाहीत. पेटी फुटली नाही. उणे एकोणीस.

दि. २४ जानेवारी
नवरा एकशे दहा. भट्टी पेटलेली आहे आणि तरी निवते आहे. काच फुंकनळीवरच आळते. काका इंधनाला शिव्या घालतात. इंधनाचा दोष नाही. तू ओढून घेतेस. पण तुला धुराची ऊब लागत नाही — काटा चढतो तो केवळ माझ्या —

दि. २५ जानेवारी
नवरा साठ. कारागीर हात बांधून बसले आहेत. काका म्हणाले, साहेब, इथून जा, मेहुणीकडे जा, कोणाकडेही जा. मला चूक उमगली. दोन मिनिटे हात ठेवीत होतो. घड्याळ लावून. तेव्हाही तसेच — तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा खिडकी दोन मिनिटे लावली. मग उघडली. घड्याळ पाहून.

दि. २६ जानेवारी, सकाळ
आज घड्याळ काढून ठेवले. दोन्ही हात, आणि छाती टेकणार आहे. त्याआधी, नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो: दाराला आतून कुलूप लावले, किल्ल्या खालच्या फटीतून परत केल्या. काकांनी उचलल्या. विचारताहेत, साहेब, आत एकटेच आहात ना. मी उत्तर देण्याआधीच पेटीच्या आतून कोणीतरी ‘नाही’ म्हणाले —