शेठ अध्यक्ष झाले त्या सालचा उरूस

लोणावळा, ३ एप्रिल

ती. शहनाज आपास,
धाकट्या नसीरचा सलाम, आणि वि. वि.

पत्र दत्तोबाच्या दुधाच्या गाडीतून पाठवतोय. तुझी तक्रार मान्य आहे. मोबाइलवर तू एवढं लिहितेस आणि मी नुसता अंगठा दाखवतो. फोनवर बोलावं तर तुझ्या कानांपायी आपल्या घरच्या गोष्टी अख्ख्या बाजारपेठेला कळतात. तेव्हा शाळेत शिकवलं होतं तसं कागदावर लिहितो. अक्षराला हसू नकोस.

सीझन जोरात आहे. शनिवार-रविवारी तिन्ही दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. मुंबईकर चव बघता बघता पाव किलो चिक्की फुकट खातात आणि पाव किलो विकत नेतात, चालायचंच.

टीव्हीवर बघितलंस का? तो सिमेंटवाला शेठ नवा पक्ष काढतोय. देश माझ्या हातात द्या म्हणतो. कधी साधा सरपंचही नव्हता म्हणून लोक त्याला हसतायत. मी म्हणतो, हसता कशाला? ज्यानं एवढे कारखाने चालवले त्याला देश का जमणार नाही? देश म्हणजे तरी काय, मोठं दुकानच. हिशोबाला पक्का आणि शब्दाला पक्का माणूस गल्ल्यावर बसला की झालं. राजकारणात मुरलेल्यांनी काय दिवे लावले ते आपण बघतोच आहोत.

आता खरी बातमी. शाहबाज चाचांचे गुडघे गेले म्हणून गावानं यंदा पीरबाबाच्या उरुसाचं अध्यक्षपद मला दिलं आहे. इकडे बाजारातले व्यापारी मागे लागलेत, नगरपरिषदेची निवडणूक लागली की उभे राहा म्हणून. मी ठरवलंय, आधी उरूस करून दाखवायचा, मग त्यांना उत्तर द्यायचं. चोवीस तारखेला बघशील, असा उरूस गावानं पाहिला नसेल.

दुवा चालू ठेव, वरचेवर रागवत जा.

तुझा,
नसीर


गावाहून, ७ एप्रिल

चि. नसीरास,
आपाची लय लय दुवा.

पत्र पावलं. अक्षर बगून तुजे मास्तर आठवले. बिचारे येळेआदी पेन्शनीत गेले ते उगाच न्हाई.

तुजा सिमेंटवाला म्या बी बगितला. गडी दिसायला बरा हाय, बोलतो बी गोड. पन नसीर, तू देशाला दुकान म्हनतोस तितं माजं आडतं. गिऱ्हाईक किटकिट करायला लागलं की तू त्याला पुडचं दुकान दावतोस. देशातल्या मानसाला कुटलं दुकान दावशील? नोकर पटला न्हाई तर त्याला घरी बसवतोस. देशातला मानूस तर आदीच घरी हाय, त्याला आनि कुटं बसवनार? आता जे राज्य करत्यात त्यांची बाजू मला घ्यायची न्हाई. त्यांच्या किरपेनं आमी टँकरची वाट बगतोय. पन गल्ल्यावर बसनं येगळं आनि गाव सांभाळनं येगळं.

आपले शाहबाज चाचा बग. हिशोबात कच्चे, भाषानात त्याहून कच्चे. पन उरुसाच्या आदी म्हैनाभर दारोदार जाऊन बसायचे. चा पियाचे, कोन कुनावर रुसलाय ते काडायचे. गावाला वाटायचं म्हातारा नुसता चा पितोय. तेच त्यांचं काम व्हतं रे.

तू अध्यक्ष झालास, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चार घरी सांगून आले. फकस्त काय बी बदलायच्या आदी विचार. मला न्हाई, ज्याचं त्याला.

पोटाला नीट खा, निसती चिक्की नको.

तुजी,
आपा


लोणावळा, १५ एप्रिल

ती. आपास,
सलाम, आणि तुझ्या टोमण्यांची पोच.

कामाचा धडाका लावलाय. बायकांसाठी संडास येतायत, सहा. इतकी वर्षं तुम्ही बायका उरुसाला काय करत होतात हे एकाही अध्यक्षाला सुचलं नव्हतं! गाड्या लावायला खालचं शेत घेतलंय. दिव्यांसाठी दोन जनरेटर, एक रुसला तर दुसरा.

आणि ऐक. दर साली देगीतला गोड भात लाकडावर शिजतो, निम्मा करपतो, आचाऱ्यांचे डोळे चुलीगत लाल होतात. यंदा सगळं गॅसवर. डोंगरावरच्या ठाकरवाडीला निरोप धाडला की यंदा मोळ्या घेऊन उतरायचे कष्ट घेऊ नका, नुसतं जेवायला या. दुकानातला माणूस पाठवून घरटी एकेक चिक्कीचा खोका पण दिला. बायडाबाई या वयात डोक्यावर लाकडं घेऊन डोंगर उतरते ते मला कधी बघवलंच नाही. म्हटलं, माझ्या हातून तेवढं तरी पुण्य घडू दे.

आता सांग, गल्ल्यावर बसणाऱ्याला गाव कळत नाही का?

तुझा आज्ञाधारक (अधूनमधून),
नसीर


गावाहून, १६ एप्रिल

नसीर,
दुवा हायच, पन आज रागानं लिवतेय.

तुजे खोके परत आले. एक बी फोडलेला न्हाई. सावळा ठाकरानं सोता आनून दर्ग्याच्या पायरीवर नीट रचून ठेवले आनि तसाच वर गेला. वाडी यंदा उरुसाला येनार न्हाई. एक मानूस येनार न्हाई.

आरं, ती लाकडं का सरपन हाय? पीरबाबा हितं आले तवा त्यांची पयली चूल वाडीनं पेटवली. तवापासनं वाडीची मोळी आल्याबिगर देगीखाली जाळ लागत न्हाई. सावळा पयलं लाकूड सारतो, मग फातेहा व्हतो. सालभर या गावात त्यांना कोन खुर्ची देतं? त्या एका दिसाला अख्खं गाव हात जोडून त्यांची वाट बगतं. त्यो त्यांचा मान हाय. तू त्यांचे कष्ट वाचवले न्हाईस, त्यांचा मान काडून घेतलास, आनि बदल्यात चिक्की दिलीस.

तुला ठावं नसंल, तू धाकला व्हतास तवाच लोनावळ्याला गेलास, आनि उरुसाला जेवनाच्या येळेलाच येतोस. पन विचारायचं तरी व्हतंस.

काल बायडा माज्या दारावरनं गेली. आमी दोगी पोरी व्हतो तवापासनं ती कदी बसल्याबिगर गेली न्हाई. माजा ल्योक आकबर गेला तवा चाळीस दीस माज्यापाशी निजायला येत व्हती. काल तिनं माज्याकडं बगितलं सुदिक न्हाई. नसीर, उरूस पुडल्या साली बी व्हईल, पन बायडा गेली तर मी कुनाशी बोलू?

संडासाचं तेवडं चांगलं केलंस. ते खरं ते खरं.

आपा


लोणावळा, १७ एप्रिल

ती. आपास,
सलाम.

दत्तोबानं पत्र दिलं ते दुकानात उभ्यानं वाचलं आणि गिऱ्हाईक सोडून हे लिहायला बसलो. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे तुला तरी ठाऊक आहे.

मी विचार केला आहे. उरुसाच्या स्टेजवर सावळाचा सत्कार करू. फेटा, शाल, मोठा हार. बायडाबाईला पैठणी. आणि वाडीची नावं घालून मोठा फ्लेक्स लावू नाक्यावर. जमेल ना? उलट टपाली कळव, म्हणजे शालीची ऑर्डर देतो.

नसीर


गावाहून, १८ एप्रिल

चि. नसीरास,

न्हाई जमनार. शाल नको, फ्लेक्स नको, खोका तर नकोच नको. रित्या हातानं वाडीवर जा. गाडी खाली ठेव. जा, आनि बस.

आपा


लोणावळा, २१ एप्रिल

ती. आपास,
थकलेल्या भावाचा सलाम, बाकी वि. वि.

काल गेलो होतो. भर उन्हात चढलो, दोनदा वाटेत बसलो. कधी नव्हे ते हात रिकामे होते. दुकानदाराला रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभं राहता येत नाही गं, हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

सावळाच्या अंगणात सगळी वाडी जमली. मी गॅसचं का केलं ते सांगायला लागलो. करपलेला भात, आचाऱ्यांचे डोळे, सगळं सांगितलं. सावळानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग एवढंच विचारलं:

"शेठ, लाकडं तुमाला नको व्हती, ते ठीक हाय. पन आमी बी नको झालो का, तेवडं सांगा."

आपा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुकलो म्हणालो, पोटातून म्हणालो.

मग बसलो. एकेक जण बोलायला लागला. रस्त्याचं निघालं, पाण्याचं निघालं, कुणाच्या तरी गाईनं फार पूर्वी आपल्या गावात मार खाल्ला होता तेही निघालं. पहिल्या तासाला मला वाटलं, मुद्द्यावर या. दुकान असतं तर एका मिनिटात निकाल लावला असता. मग लक्षात आलं की ते मुद्द्यावरच होते. संध्याकाळी सावळा म्हणाला, बघू, विचार करतो. असं उत्तर मी देणगी मागायला येणाऱ्यांना देतो, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे. बायडाबाई शेवटपर्यंत दारात पाठ करून बसून होती.

गॅसची ऑर्डर रद्द केली. वाडी आली नाही तर देग चढणार नाही, असं कमिटीला सांगितलंय. कमिटीनं मला वेड्यात काढलं.

सिमेंटवाल्या शेठबद्दल माझं मत पुरतं बदललेलं नाही, बरं का. हुशार माणूस हुशारच असतो, आणि सहा संडास कुठल्या पुढाऱ्याला सुचले नव्हते. पण त्यानं कधी कुणाच्या अंगणात अशी अख्खी दुपार काढली आहे का, हे टीव्हीवर कुणीतरी त्याला विचारायला हवं. मला कुणी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तीन दिवस राहिलेत. दुवा कर.

तुझा,
नसीर


गावाहून, २७ एप्रिल

चि. नसीरास,
आपाची पोट भरून दुवा.

उरूस तर तू डोळ्यांनी बगितलास. देगी रित्या, आचारी हातावर हात ठेवून, आनि तू दर्ग्याच्या पायरीवर वर डोंगराकडं बगत उबा. वाडीची रांग वळनावर दिसली तवा तू बायकांच्या संडासामागं जाऊन रडलास, ते मला कळलं न्हाई असं समजू नकोस. हितं सगळ्यांना म्हाईत झालंय. भात यंदा बी करपला. लोकं म्हनतात, झ्याक झाला.

पन बायडा आली नव्हती. तू इचारलंस, म्या तिच्या पायाचं दुकनं सांगितलं. खोटं सांगितलं. सगळी वाडी जेवत व्हती आनि म्या वळनाकडंच बगत व्हते.

त्या निवडनुकीचं तू लिवलं व्हतंस. म्हैन्याआदी तू इचारतास तर म्या न्हाई म्हनले असते. आता म्हनते, उबा ऱ्हा. पडलास तर पड, दुकान कुटं पळून जात न्हाई. निवडून आलास तर आदी दारोदार जाऊन चा पी, पोट बिगडलं तरी पी. देशाचं तुज्या सिमेंटवाल्याला बगू दे.

आता तू गेल्यानंतरची गोष्ट. काल दुपारी म्या भांडी घाशीत व्हते. सावली पडली म्हनून बगितलं तर बायडा. आत येऊन तिच्या जागंवर बसली. म्या चा ठेवला, त्यात माज्या डोळ्याचं पानी पडलं आसंल तर पडलं. तिनं आर्दा कप पिला, साखर कमी हाय म्हनून मला बोल लावला, आनि मग म्हनली की तुज्या भावाला सांगावा धाड. पुडल्या साली आमाला इचाराया येताना उनाचा येऊ नगं म्हनावं, सकाळच्या पारी ये. त्या दिशी त्याला लय दम लागला व्हता.

तुजी,
आपा