गिटारला काढलेली जवारी

कांदिवली,
४ ऑगस्ट १९८६

ती. बाबांना माणिकचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत, काळजी करू नका. आईचा खोकला थांबला का?

जयवंत भावजींसाठी मी गॅलरीत बसून करत होते ती गिटार पूर्ण झाली. तारा लावल्या तर तंबोऱ्यासारखी झणझणली. तुमच्या हाताखाली तंबोरे केल्याची सवय, तारा जिच्यावर टेकतात ती गिटारची घोडीही झणझणाटासाठी घासून, तिला जवारी काढून बसले होते. भावजी म्हणाले, "वहिनी, गिटार मागितली होती, भजनी मंडळ नाही." सगळे हसले, मीसुद्धा. घोडी बदलली, आता आवाज स्वच्छ येतो.

सासूबाई प्रेमानेच म्हणाल्या, "हौस झाली ना गं? आता ती पटाशी, रंधा माळ्यावर टाक. घरभर भुसा होतो." ह्यांनी पेपरचं पान उलटलं. गॅलरीत आता कपाट येणार आहे. मला इथे कोणी त्रास देत नाही, खरंच. फक्त दिवसभर हातांचं काय करावं ते कळत नाही.

तुमचा तंबोरा अजून अर्धवटच आहे ना? तुमचं पत्र इथे मोठ्याने वाचतात. त्यात "हात दुखतो, जवारी काढायला माणिकला महिनाभर पाठवा" असं लिहिलंत तर हे नाही म्हणणार नाहीत. पण खोटं नको. हात खरंच दुखत असेल तरच लिहा.

तुमचा हात दुखू नये असं मी रोज दिवा लावताना देवाला सांगते. काल मात्र सांगितलं नाही.

तुमची,
माणिक