दादाने बसून ऐकायचे मृत्युपत्र

मी, कुमारी मनोरमा नारायण वैरागडे, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय गायन (आता बंद), राहणार बाग सेवनिया, भोपाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. वाचा शाबूत नाही. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे माझा भाचा चि. अंबरीश याला पटत नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकले.

गेल्या फेब्रुवारीत कोलार रोडवर भाजी घेताना मला झटका आला. भाजीवाला विचारत होता, "अम्मा, क्या हुआ, बोलो तो सही." माझ्या हातात दुधी होता, दुधी हा शब्द डोक्यात होता, आणि तोंडातून नुसते त-त-त निघत होते. पाच भाषांत गाणारी बाई मी! जर्मन पहिली गेली, मग फ्रेंच, मग इंग्रजी. हिंदी निम्मीशिम्मी उरली आहे. मराठी आहे, पण तीही साधी बोलता येत नाही. चाल लावली तरच ओळ बाहेर पडते. डॉक्टर म्हणतात, असे होते, झटक्यानंतर बोलणे गेलेली माणसे गाऊ शकतात. तेव्हा हे मृत्युपत्र मी नऊ दिवस रोज सकाळी गाऊन सांगितले आणि आमचे तुलसी नगरचे जुने शेजारी, निवृत्त लघुलेखक श्री. मधुकर आष्टनकर यांनी ते उतरून घेतले. मधुकर मध्येच मान डोलवायला लागतो आणि लिहायचे विसरतो, नाहीतर चार दिवसांत झाले असते.

कलम १. बाग सेवनियातील माझे दोन खोल्यांचे घर, आतल्या सगळ्या सामानासह, माझी भाची शर्वरी हिला. घटस्फोटानंतर ती कोलार रोडला बापाच्या घरात भावाच्या मर्जीवर राहते. पंचेचाळीस वर्षांची मास्तरीण आहे, आणि पाहुणे आले की तिची गादी हॉलमध्ये जाते. अंबरीश तिला माझ्यादेखत म्हणाला, "बाबा आहेत तोवर ठीक आहे, पुढचं तुझं तू बघ." बघितले. बँकेत जे काही उरेल तेही तिलाच.

कलम २. या मृत्युपत्राचा पहिला साक्षीदार माझा थोरला भाऊ अच्युत, आमचा दादा, हाच असेल. दुसरा कोणी चालणार नाही. मला नवरा नाही, मूल नाही. हे मृत्युपत्र टिकले नाही तर घर कायद्याने दादाकडे जाईल, म्हणजे अंबरीशकडे जाईल, आणि शर्वरी पुन्हा हॉलमध्ये. अंबरीश कोर्टात सांगणार की आत्याचे डोके फिरले होते. झटक्यानंतर तो माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडायचा, "आत्या! मी कोण? नाव सांग!" नाव सांगता आले नाही. मनात जे आले तेही सांगता आले नाही, ते बरेच झाले. पण खाली बापाचीच सही असली तर तो काय बोलणार? मुकाट्याने घरी जाईल.

आता दादाची गोष्ट. सचिवालयात अडतीस वर्षे काढली, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत न वाचता त्याने एका कागदावर सही केली नाही. हा कागद मात्र त्याला वाचू द्यायचा नाही. मी तो त्याच्यासमोर गाणार, आणि त्याने बसून ऐकायचा. त्याने माझे गाणे आजवर एकदाही पुरते ऐकलेले नाही. एक्क्याण्णव साली इथे तलावाकाठच्या सभागृहात कार्यक्रम झाला, पहिल्या रांगेतले दोन पास मी स्वतः घरी नेऊन दिले. म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही." दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत मी दीड तास गायले. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये. म्हणून दादाला काहीही ठेवलेले नाही. तो अर्ध्यावर उठून गेला तर हे सगळे वाया जाईल. मला भीती वाटते.

कलम ३. माझ्या पाच तबकड्या आणि कार्यक्रमांच्या टेपा ज्या कोणाला हव्यात त्याने न्याव्यात. कोणी न आल्यास शर्वरीने त्या महिनाभर ठेवून टाकून द्याव्यात, रडत बसू नये. परंतु एक खोटेपणा दुरुस्त करणे आहे. छप्पन साली कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या, त्यांच्यामागे बाबा आले आणि बाबांमागे आम्ही. रोज दिवेलागणीला बाबा आम्हा दोघांना पाढ्यांना बसवत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पुढे मी परिचारिका म्हणून हॅम्बुर्गला गेले, इस्पितळातली पाळी संपली की एका तळघरात जॅझ गायला लागले. जॅझमध्ये एक वेळ अशी येते की शब्द सोडून नुसत्या आवाजाशी खेळायचे असते. मला ते नुसते आवाज सुचेनात. मी दिडकी म्हटली! लोक वेडे झाले. तबकडीच्या पाकिटावर छापून आले की गायिका मंदिरातले प्राचीन मंत्र गाते, आणि मी गप्प बसले. बाबांचे पाढे मंत्र म्हणून खपवले याची मला आजही लाज वाटते.

शैली म्हणाल तर मी ठोक्यावर कधी आले नाही, अर्धा श्वास मागून यायची. पियानोवाल्याला आधी वाटले, बाई चुकते आहे. खरे कारण एवढेच की तिकडे कोणी काही बोलले की मी ते आधी मनात मराठीत करायची आणि मग तोंड उघडायची. तोच उशीर गाण्यात उतरला. पुढे त्याचे फार कौतुक झाले, दोन मुलींनी तो उशीर शिकूनही घेतला. मग लोक कमी होत गेले. शेवटच्या कार्यक्रमाला अकरा माणसे होती, त्यातली चार वाजवणारी. दोन हजार नऊ साली परत आले.

कलम ४. दादा, हे तुला. मधुकर म्हणतो, "ताई, या कलमात मिळकत काहीच नाही, कायद्यात कसं बसणार?" नसेना बसत, लिही म्हटले.

डिसेंबर चौऱ्याऐंशी. वहिनी, तुझी मालती, दोन्ही पोरांना घेऊन स्टेशनजवळ माहेरी गेली होती. भोपाळमध्ये वायू सुटल्याचे मला तिकडे रेडिओवर कळले. तीन दिवस फोन लागला नाही. तार केली, उत्तर नाही. चौथ्या दिवशी कार्यक्रम होता, आणि मी गेले; तसे तुला पत्राने कळवलेही. नंतर तुझे एका ओळीचे पत्र आले: "आम्ही मालतीला घेऊन इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलो होतो तेव्हा तू गात होतीस." तेव्हापासून मी नुसते गुणगुणले तरी तू खोलीतून उठून जातोस. वहिनी अकरा वर्षे खोकून खोकून गेली. राग धरायचा तुला हक्क आहे, मी तो नाकारत नाही.

पण मी काय गायले हे तू कधी विचारले नाहीस रे. त्या दिवशी मी एकही गाणे म्हटले नाही. नारायण, अच्युत, मालती, अंबरीश, शर्वरी. बाबांपासून धाकट्या शर्वरीपर्यंत ही पाच नावे. वीस मिनिटे नुसती हीच, उलटसुलट, खालून वर, वरून खाली. तुमच्यातले कोण जिवंत आहे हे मला ठाऊक नव्हते, म्हणून एकही नाव गाळायची छाती होईना. थांबले तर कोणीतरी जाईल असे वाटत होते. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मला त्यांची किळस आली आणि स्वतःचीही आली. हे पत्रात लिहायला घेतले की खोटे वाटायचे, म्हणून चाळीस वर्षे लिहिले नाही. चुकले माझे.

कलम ५. माझ्यानंतर गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठेवू नये. भाषणे नकोत. दहावे-तेरावे शर्वरीला सुट्टी मिळेल तसे. मराठीही गेली आणि मी नुसती सूर काढत बसले, तर कोणी मध्ये शब्द पुरवू नये. व्यवस्थापक म्हणून मधुकर याला नेमले आहे. त्याला माझी छत्री द्यावी, तो स्वतःची सगळीकडे विसरतो.

येणेप्रमाणे हे माझे पहिले आणि अखेरचे मृत्युपत्र. डाव्या हाताने सही केली आहे, उजवा चालत नाही. वाकडी असली तरी माझीच आहे.

(सही) मनोरमा ना. वैरागडे
भोपाळ, ता. ११ नोव्हेंबर २०२५

लेखनिक: (सही) मधुकर आष्टनकर. मी हे ऐकून लिहिले. पदरचे काही घातलेले नाही.

साक्षीदार क्र. २: (सही) डॉ. मीना सक्सेना. यांना मी तपासले आहे. विचारलेले सर्व त्यांना समजते. सही त्यांनी माझ्यासमोर केली.

साक्षीदार क्र. १: मी, अच्युत नारायण वैरागडे, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त सेक्शन ऑफिसर, राहणार कोलार रोड, भोपाळ, लिहून देतो की, माझी धाकटी बहीण मनोरमा हिने वरील मृत्युपत्र माझ्यासमक्ष पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गाऊन सांगितले व माझ्यासमक्ष सही केली. मी मध्ये उठलो नाही. तिची बुद्धी शाबूत आहे. कलम ४ नीट ऐकू आले नाही असे सांगून मी ते तिच्याकडून आणखी दोन वेळा म्हणवून घेतले. वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो की, ते मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आले होते.

(सही) अ. ना. वैरागडे