आमच्या पिशवीवरची लाल चिठ्ठी

सोमवार, २५ ऑगस्ट

रोजची कचरागाडी बंद! पत्रक वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. तेच. ओला कचरा दिवसाआड. सुका पंधरा दिवसांतून एकदा, मंगळवारी — तोही पारदर्शक पिशवीत, वर घराचा नंबर. म्हणजे कोण काय खातं, काय पितं, डोक्याला काय फासतं, सगळं गल्लीला उघडं! सेल, बल्ब, जुनी औषधं तिसऱ्या डब्यात. तो गल्लीच्या टोकाला, कुलूपबंद, वर नुसती फट. चुकलं की पिशवीवर लाल चिठ्ठी आणि पिशवी परत. तीन चिठ्ठ्या झाल्या की त्या घराचा कचरा दोन महिने उचलणार नाहीत.

सगळे आमच्या अंगणात जमले. एकेकाचं तोंड बघण्यासारखं. मी म्हटलं, बत्तीस वर्षं भंगारात काढली. हातगाडी ओढत गल्लोगल्ली ओरडलो, तेव्हा कुठं हे गोडाऊन उभं राहिलं. पत्रा जमिनीवर पडला की आवाजावरून धातू सांगतो मी. कचरा मला शिकवता? या गल्लीत लाल चिठ्ठी लागली तर मला विचारा.

झालं. तिसऱ्या डब्याची किल्ली माझ्या गळ्यात. दर रविवारी उघडायचा, आत काय निघालं ते बघायचं.

कोपऱ्यावरचे मास्तर — कानाला चार्जिंगचं मशीन — मध्येच म्हणाले, "काय ठरलं?" मी म्हटलं, आमच्या रेडिओला स्टेशन लागत नाहीये अजून. सगळे खो खो हसले. मास्तरही हसले. जरा उशिरा.

बुधवार, २७ ऑगस्ट

नव्या नियमाच्या निमित्तानं माळा आवरला. बायकोच्या जुन्या ट्रंकेत पितळी बत्ता निघाला. नुसता बत्ता. खल नाही.

तो खल कुठं गेला हे जगात मलाच ठाऊक होतं. हातगाडीच्या दिवसांत एका आठवड्यात माल जमला नव्हता. तिच्या आईनं दिलेला खल मी गाडीवर टाकला आणि भट्टीवाल्याला विकला. घरात म्हटलं, मला काय ठाऊक! आदल्याच दिवशी तिची धाकटी बहीण येऊन गेली होती. बायकोनं संशय तिच्यावर धरला. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

चार वर्षांपूर्वी सांगून टाकलं मी सगळं. ती कणीक मळत होती. परातीचा आवाज जराही थांबला नाही. म्हणाली, "असू दे." बस्स! एवढ्या मोठ्या गुन्ह्याला दोन शब्द. त्या दिवसापासून हलका झालो. अशी बायको शोधून सापडायची नाही.

तरी धाकटीशी अजून बोलत नाही. खल मी विकला हे कळल्यावरही! विचारायला गेलो नाही. जुनी अढी असते माणसाला.

मंगळवार, २ सप्टेंबर

पहिली लाल चिठ्ठी. आमच्या पिशवीवर!!

गाडीवरच्या बाईनं पिशवी उजेडाकडे धरली, बोटानं टिचकी मारली, चिठ्ठी डकवली. मी धावत गेलो. म्हटलं, बाई, चूक होतेय, हे माझं घर. त्या म्हणाल्या, "काका, तुमचंच आहे म्हणून तर तुमच्या दारात ठेवतेय." पिशवीत सेल.

समोरची मंडळी गॅलरीत. एकेक जण आत गेला. हसले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

पिशवी वर्तमानपत्रावर ओतली, स्वतः बसून निवडली. हात विसरले नाहीत काम. दुधाच्या रिकाम्या पिशवीत, कागदाच्या पुडीत — चार सेल. मसुरीच्या डाळीएवढे. चुकून पडलेले नाहीत, नीट गुंडाळून लपवलेले!

घरात चौकशी केली. मुलगा म्हणाला, माझं घड्याळ तर चार्जिंगचं. सूनबाई म्हणाली, "मी बघते बाबा, कुठून आले ते," आणि न बघताच आत गेली. नातीनं विचारलं, मला खेळायला मिळतील का? बायको भाजी निवडत होती. म्हणाली, असू दे हो, एवढं काय त्यात.

रविवार, ७ सप्टेंबर

डबा उघडला. गल्लीतल्या सगळ्यांचे सेल. आमच्याकडच्यासारखा मसुरीएवढा एकही नाही.

आणि ती शिट्टी पुन्हा ऐकू आली आज. बारीक, सूं करून येते आणि जाते. दोन वर्षं झाली. फ्रिजवाल्याला दोनदा बोलावलं. तो म्हणतो, काका, फ्रिज ठणठणीत आहे, तुमचेच कान जास्त चालतात. घरात दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही म्हणे!

मंगळवार, १६ सप्टेंबर

दुसरी चिठ्ठी.

रात्री झोपेपर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून मी त्या पिशवीवर नजर ठेवून होतो. तरीही! पुन्हा चार सेल, या वेळी टूथपेस्टच्या खोक्यात. आता एकच उरली. मास्तर फाटकात उभे होते. म्हणाले, "शेठ, आमच्या घरी जागा आहे, तुमचा कचरा आणून ठेवा दोन महिने." सरळ मनानं म्हणाले. तेच जास्त लागलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

सेल घेऊन घड्याळजीकडे गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं. म्हणाला, हे घड्याळाचे नव्हेत. मागं बघा, टाचणीएवढी भोकं आहेत. हे हवेवर चालतात. आठवडाभर टिकतात, मग संपले.

"कशाला लागतात?"

"कानाच्या मशीनला. दोन आठवड्यांत चार म्हणजे दोन्ही कान."

हसलोच मी. म्हटलं, आमच्या घरात कुणाला लागणार मशीन? माझे कान माहीत आहेत ना?

घरी येईपर्यंत हसत होतो. दारातून आत आलो. नात धावत जाऊन आजीच्या गळ्यात पडली, गाल तिच्या कानाला घासला — आणि सूं!

चप्पल पायातच राहिली. फ्रिज दुसऱ्या खोलीत आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

काल तिला काही विचारलं नाही. आज विचारलं.

सेल तिच्यापुढे ठेवले. तिनं केस मागं सारले. दोन्ही कानांमागं मशीन, केसांच्याच रंगाचं. सूनबाई घेऊन गेली होती म्हणे, दोन वर्षांपूर्वी. मुलालाही ठाऊक. नातीलाही! सहा वर्षांच्या पोरीनं पोटात ठेवलं. घरात ठाऊक नव्हतं ते एका मलाच. मी — जो गाडीचा हॉर्न ऐकून ड्रायव्हर सांगतो!

तिसऱ्या डब्यात का टाकले नाहीस विचारलं. म्हणाली, किल्ली कुणाकडे आहे?

मला का सांगितलं नाहीस विचारलं. शेंगा मोडता मोडता म्हणाली, "मास्तरांना रेडिओ कोण म्हणतं हो?"

मी पुढ्यातली एक शेंग उचलून मोडली.

तिचं कमी ऐकू येणं आजचं नाही. मशीन दोन वर्षांचं, पण ऐकू येईनासं होऊन आठ वर्षं झाली. मी म्हटलं, अगं, मग रोज संध्याकाळी मी बडबडायचो ते? दिवसभराचं सगळं तुला सांगायचो ते?

ती हसली. म्हणाली, "तोंड दिसलं की ओठांवरून कळायचं. तुमची पाठ असली की 'असू दे' म्हणायचे. तुमच्या गोष्टीत 'असू दे' कुठंही बसतं."

मीही हसलो. खरंच हसलो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पहाटे उठून बसलो आणि बोटांवर वर्षं मोजली.

खलाचं सांगितलं ते चार वर्षांपूर्वी. मशीन दोन वर्षांपूर्वीचं.

मी कुठं उभा होतो तेव्हा? खिडकीशी. तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून बाहेर बघत होतो. सगळं त्या खिडकीच्या गजांना सांगितलं. मागून आवाज आला, असू दे. आणि मी चार वर्षं सुटलो म्हणून मिरवतोय!

म्हणजे तिनं माफ केलं नाही. नाही केलं असंही नाही. तिला ठाऊकच नाही. धाकटीशी बोलत नाही ती अढी म्हणून नव्हे — तिच्या लेखी खल अजून धाकटीनंच नेलाय. आणि मी तिच्या मनाला नावं ठेवत बसलो.

गोडाऊनवर गेलो नाही. दुपारी मास्तरांकडे गेलो. म्हटलं, मास्तर, चुकलो. ते म्हणाले, काय म्हणालात? पुन्हा म्हटलं, तोंड त्यांच्याकडे करून. त्यांनी पाणी दिलं आणि विषय बदलला.

घरी आलो तर बायको म्हणाली, "काल एवढे हसलात आणि आज गोडाऊनवरही गेला नाहीत. पाठ करून काही महत्त्वाचं बोलला होतात का कधी? आता सांगा. आता ऐकू येतं मला."

उद्या सांगतो म्हटलं.

शनिवार, २० सप्टेंबर

सांगितलं. माळ्यावरचा बत्ता मध्ये ठेवून, समोर बसून, तोंड तिच्याकडे करून. एकदाही 'असू दे' म्हणाली नाही. सगळं ऐकलं. मग उठली, दोन्ही मशीनमध्ये नवे सेल घातले, जुने माझ्या तळहातावर ठेवले — "तिसऱ्या डब्यात टाका" — आणि बत्ता पिशवीत घालून धाकटीकडे गेली. पिशवी मोठी होती, आत चार साड्याही होत्या.